पाय दुखतोय, पण नेमका कधी?

भरपूर चालल्यावर पोटरी दुखणं वेगळं आणि रोज ठरावीक अंतर चाललं की त्याच जागी दुखणं वेगळं. दुसरं असेल तर भानगड स्नायूंची नाही, रक्तवाहिन्यांची असू शकते. आणि हे फक्त आजोबांचं दुखणं आहे असं समजून पान उलटू नका.

मराठीत पाय दुखण्याला शब्दांची कमी नाही. पाय भरून येतात, पाय वळतात, पायात गोळे येतात, पोटऱ्या ओढतात, पायांचे तुकडे पडतात आणि काहीच सुचलं नाही तर शिरेवर शीर चढते. एवढे शब्द आहेत, पण दुखतंय ते आत नेमकं काय, हे त्यातला एकही सांगत नाही. ‘नस’ हा तर सगळ्यात घोळ घालणारा शब्द. मेंदूचा निरोप पोचवते तीही नस, रक्त वाहून नेते तीही नस आणि टाचेमागे ताणलेली दोरी असते तीही नसच. त्यामुळे ‘नस दबलीय रे’ असं कुणी म्हटलं की समोरचा मान डोलावतो, एखादा बाम सुचवतो आणि विषय संपतो.

बहुतेक वेळा तो तिथे संपला तरी काही बिघडत नाही. हरिश्चंद्रगड उतरून आलं की पुढचे दोन दिवस जिना उतरताना आई आठवते. जिममध्ये लेग डे जरा जोरात झाला की कमोडवर बसायचे वांधे होतात. ते स्नायूंचं दुखणं आहे, दोन-चार दिवसांत आपोआप जातं, त्यात आजार शोधत बसायची काही गरज नाही.

पण एक दुखणं असं असतं की त्याला स्वतःचं वेळापत्रक असतं. माणूस घरातून निघतो, चारशे पावलं आरामात चालतो आणि मग पोटरी आवळायला लागते. रिकाम्या पोटी असो की जेवून, सोमवारी असो की रविवारी, जागा साधारण तीच. तो थांबतो. दोन-पाच मिनिटं नुसता उभा राहतो. बसावंही लागत नाही. दुखणं पूर्ण जातं, जणू काही झालंच नव्हतं. तो पुन्हा चालायला लागतो आणि पुन्हा तेवढ्याच पावलांवर पोटरी आवळते.

आता असा माणूस रस्त्यात मध्येच उभा राहिला तर लोक बघतात. म्हणून तो काहीतरी निमित्त काढतो. फोन काढून मेसेज बघतो, चपलेचा बंद नीट करतो, पानाच्या टपरीवर रेंगाळतो, नाहीतर दुकानाच्या काचेतले शर्ट बघत राहतो. जर्मन भाषेत या दुखण्याला रोजच्या बोलण्यात जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी ‘दुकानाच्या काचेचा आजार’ असा होतो. विंडो शॉपिंग. शर्ट घ्यायचा नसतो, पोटरी मोकळी व्हायची वाट बघायची असते.

डॉक्टर याला क्लॉडिकेशन म्हणतात. लॅटिनमध्ये लंगडण्याला जे क्रियापद आहे त्यावरून आलेला हा शब्द. आणि गंमत म्हणजे हे आधी माणसात नाही, घोड्यात नीट पाहिलं गेलं. १८३१ साली फ्रान्समधल्या बुले नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने लिहून ठेवलं की एक घोडा थोडं पळाला की लंगडतो, थांबला की ठीक होतो, पळवला की पुन्हा लंगडतो. कारण सापडलं ते त्याच्या पायाच्या तुंबलेल्या धमनीत. माणसातही हेच घडतं हे शार्को या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं १८५८ मध्ये.

जायचा रस्ता तुंबला की

आत काय होतं ते समजायला डॉक्टर असायची गरज नाही. सोसायटीच्या टाकीपासून तुमच्या नळापर्यंत एक पाइप येतो. पाइपात क्षार साचून तो अर्धा झालाय. सकाळी एक बादली भरायची तर पाणी पुरतं. पण एकाच वेळी शॉवर, वॉशिंग मशीन आणि स्वयंपाकघर सुरू झालं की धार बारीक होते. पायाचं तेच. बसलेलो असताना पोटरीला थोडंच रक्त लागतं, तेवढं अरुंद धमनीतूनही पोचतं. चालायला लागलो की त्याच पोटरीला कितीतरी पट जास्त रक्त हवं असतं. ते येत नाही, स्नायूचा श्वास कोंडतो आणि तो ओरडतो. थांबलो की मागणी कमी होते, ओरडणं थांबतं.

म्हणून दुखण्याची जागाही बोलते. अडथळा जिथे असतो त्याच्या खाली दुखतं. मांडीतली धमनी अरुंद झाली तर पोटरी, पोटातून पायाकडे येणारी अरुंद झाली तर मांडी आणि कुल्ला, गुडघ्याखालच्या बारीक धमन्या गेल्या तर तळपायाची कमान.

आपल्याकडे असं काही सांगितलं की पहिला शब्द येतो सायटिका. तो फरक खरंतर घरबसल्याही बराचसा लागतो. सायटिकाची कळ कमरेतून किंवा कुल्ल्यातून निघून खाली धावते, खोकलं-शिंकलं तरी येते, नुसतं बसूनही येते. मणक्याची नळी अरुंद झाली असेल तरी चालल्यावर पाय दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहून भागत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. असा माणूस डी-मार्टची ट्रॉली ढकलत, वाकून, बराच वेळ फिरू शकतो. रात्री झोपेत पोटरीत गोळा येऊन आपण किंचाळत उठतो, ते दुखणं भयानक असतं, पण तो स्नायूचा झटका असतो, रक्तवाहिन्यांचा त्याच्याशी सहसा संबंध नसतो.

आणखी एक खूण आहे, ती मला सगळ्यात उपयोगाची वाटते. पाय वर केल्यावर बरं वाटतं की खाली सोडल्यावर? दिवसभर उभं राहणारे लोक, म्हणजे ट्रॅफिक पोलिस, सलूनवाले, वेटर, शिक्षक, यांचे पाय संध्याकाळी जड होतात, घोट्याशी सूज येते, निळ्या शिरा वेटोळ्यांसारख्या फुगतात. त्यांना उशीवर पाय ठेवला की हायसं वाटतं. तो व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे परतीच्या रस्त्याचा त्रास. धमनी तुंबलेल्या माणसाचं उलटं. त्याला आडवं झालं की पाऊल ठणकतं, रात्री दोनला उठून तो पलंगावरून पाय खाली सोडून बसतो, तेव्हा कुठे थोडी झोप लागते. घरातलं कुणी रोज रात्री असं बसत असेल तर ते ‘वयाचं दुखणं’ अजिबात नाही. रक्त इतकं कमी पडतंय की नुसत्या आरामाच्या वेळीही पुरत नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा पायाची जखम भरत नाही आणि पुढे बोट काळं पडतं.

आईबाबांपैकी कुणाला डायबिटिस असेल तर मात्र दुखण्याची वाटच बघू नका. साखरेने पायाच्या संवेदना बोथट होतात. धमनी तुंबली तरी दुखत नाही, चप्पल चावली तरी कळत नाही, आणि थेट जखमच दिसते. त्या घरात रोज रात्री तळपाय बघणं हे दात घासण्याइतकं साधं काम असायला हवं. वाकून बघता येत नसेल तर तुम्ही बघा. फोनच्या टॉर्चचा उपयोग होऊ दे.

बिडी, बोट आणि पस्तिशी

इथवर वाचून ‘हे सगळं पन्नाशीनंतरचं’ असं वाटलं असेल, तर आता खास आपल्या वयाचा आजार. त्याचं नाव बर्जर्स डिसीज. बर्गरशी संबंध नाही. लिओ बर्जर या डॉक्टरने १९०८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये कापलेल्या पायांच्या धमन्या तपासून तो सविस्तर मांडला. हा बहुतेक वेळा पंचेचाळिशीच्या आत गाठतो, आणि ज्यांना गाठतो ते जवळजवळ सगळे तंबाखूवाले असतात. सिगरेट, बिडी, काही जणांत नुसती खाण्याची तंबाखूसुद्धा.

युरोप-अमेरिकेत पायाच्या रक्तपुरवठ्याच्या रुग्णांत हा आजार तुरळक सापडतो. भारतातल्या जुन्या नोंदींमध्ये मात्र असे निम्मे रुग्ण याच आजाराचे आहेत. आपल्याला आश्चर्य वाटायला नको. सिन्नर, संगमनेर, सोलापूर, कामठी, गोंदिया ही नावं बिडीच्या कारखान्यांनी ओळखली गेलेली. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, हुक्का पार्लरवर २०१८ पासून आणि ई-सिगरेटवर देशभर २०१९ पासून. बंदी असलेल्या वस्तू कुठल्या कोपऱ्यावर मिळतात हे मी सांगायची गरज नाही.

हा आजार कोलेस्टेरॉलचा नाही. हातापायांच्या छोट्या आणि मध्यम रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, त्यात गुठळी अडकते आणि नळी बंद होते. सुरुवात फसवी असते. चालताना तळपायाची कमान दुखते, तर माणूस बूट बदलतो. थंडीत पायाची बोटं निळसर पडतात, तर म्हणतो थंडी जास्त आहे. पोटरीच्या कातडीखाली दोरीसारखी लाल, दुखरी रेघ उठते, आठवड्याने ती जाते आणि दुसरीकडे उठते, तर म्हणतो काहीतरी चावलं. मग एक दिवस नख कापताना जरासं लागतं. नखुरडं समजून हळद लावली जाते, पावसाळा असेल तर चिखल्या समजून मलम. महिना होतो, दोन महिने होतात, जखम तशीच. बोटाचं टोक काळपट. रात्री पाऊल हातात धरून बसणं सुरू. हॉस्पिटलच्या वॉर्डात बत्तीस-पस्तीस वर्षांचा, धडधाकट खांद्यांचा, पण पायाचं बोट गमावलेला माणूस दिसला तर त्याच्या मागे बऱ्याचदा हीच गोष्ट असते. आणि त्या वयात घरात कमावणारा एकटा तोच असतो.

हार्टच्या ब्लॉकेजसारखं इथे बायपास करू म्हटलं तर तेही अवघड, कारण बंद पडलेल्या नळ्या इतक्या बारीक आणि इतक्या खालच्या असतात की नवा पाइप जोडायला पुढे जागाच उरत नाही. औषधांनी दुखणं कमी होतं, जखम भरायला मदत होते. पण आजार थांबवणारी खात्रीची गोष्ट एकच, तंबाखू पूर्ण बंद. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १९९० साली आपल्या ११२ रुग्णांचा हिशोब मांडला. ज्यांनी तंबाखू सोडली त्यांतल्या ९४ टक्के लोकांचं काहीही कापावं लागलं नाही. ज्यांनी चालू ठेवली त्यांतल्या ४३ टक्के लोकांचा एखादा तरी अवयव कापावा लागला. वैद्यकशास्त्रात इतका सरळ हिशोब फार कमी आजारांत मिळतो. आणि ‘कमी केलीय, दिवसाला दोनच’ हे इथे चालत नाही. दोन सिगरेटीही आजार जागा ठेवायला पुरतात.

पायाच्या धमन्यांनी राजालाही सोडलं नाही. ‘द किंग्ज स्पीच’ पाहिला असेल तर त्यातला तोतरा राजा सहावा जॉर्ज आठवेल. त्यात एक डॉक्टर त्याला सिगरेट ओढायला सांगतो, घसा मोकळा होतो म्हणून. खरा सहावा जॉर्ज भरपूर सिगरेटी ओढायचा. १९४८ मध्ये त्याचे पाय इतके दुखायला लागले की ऑस्ट्रेलियाचा ठरलेला दौरा पुढे ढकलावा लागला. पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. मार्च १९४९ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यातच ऑपरेशन थिएटर उभारून त्याच्या कमरेतल्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा कापल्या गेल्या. पाय वाचला. १९५१ मध्ये कॅन्सरमुळे एक फुप्फुस काढलं आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये, ५६ व्या वर्षी, तो झोपेतच गेला.

परतीच्या रस्त्यावरची गुठळी

धमनी हा पायाकडे जायचा रस्ता झाला. परतीचा रस्ता शिरांचा, आणि तिथला गंभीर अपघात म्हणजे पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होणं. डॉक्टरांच्या भाषेत डीव्हीटी. इथे चालण्या-थांबण्याचं वेळापत्रक नसतं. एकच पाय, बहुधा पोटरी, एक-दोन दिवसांत सुजते, घट्ट आणि गरम लागते, दुखते. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारणं वेगळी शोधावी लागतात. एकच सुजला तर आधी ही शंका.

पोटरीचे स्नायू आकुंचन पावले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. तासन्‌तास न हलता बसलं की हा पंप बंद पडतो आणि साचलेलं रक्त गोठायला लागतं. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र-रात्र निवाऱ्यात घडीच्या खुर्च्यांवर बसून काढायचे. खुर्चीची कड मांडीखाली रुतायची. कीथ सिम्प्सन या डॉक्टरच्या लक्षात आलं की बॉम्बपासून वाचलेली काही माणसं सकाळी उठून चालायला लागल्यावर अचानक कोसळून मरतायत. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकत होती. डेव्हिड ब्लूम हा अमेरिकेतल्या एनबीसीचा वार्ताहर. २००३ च्या इराक युद्धात सैन्याच्या गाडीत दिवसरात्र पाय मुडपून बसून तो बातम्या देत होता. पाय दुखतोय हे त्याने सांगितलंही होतं. एप्रिलमध्ये तो गेला, फुप्फुसातल्या गुठळीने. वय ३९.

आपल्याकडे निवारे नाहीत, पण पुणे-नागपूर बस आहे, सीईटीच्या आधीचे महिने आहेत, रात्रभर गेमिंग आहे आणि दहा तासांची डेस्कची नोकरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात चार तासांहून लांब प्रवासात गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते असं दिसलं, तरीही ती सहा हजारांत एकाला इतकी कमीच. त्यामुळे बसमध्ये घाबरून बसू नका. ढाब्यावर गाडी थांबली की मात्र खाली उतरा, रील बघत सीटवरच पडून राहू नका. शक्यता खरी वाढते ती जेव्हा दोन-तीन कारणं एकत्र येतात तेव्हा. नुकतंच ऑपरेशन झालंय, पायाला प्लास्टर आहे, बाळंतपण झालंय, घरात कुणाला आधी गुठळी झालीय आणि वर लांबचा प्रवास.

मुलींनी यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्या, आणि पीसीओडीसाठी बऱ्याच जणींना दिल्या जातात त्याही याच जातीच्या, गुठळीची शक्यता थोडी वाढवतात. थोडीच. गोळ्या मनाने बंद करू नका. पण एक पाय सुजला तर डॉक्टरांना ‘मी या गोळ्या घेतेय’ हे आपणहून सांगा. आई शेजारी बसली म्हणून गिळून टाकायची ही माहिती नाही. घरात कुणाला गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर गोळी सुरू करण्याआधीच सांगा.

सेरेना विल्यम्सचं उदाहरण बघा. विम्बल्डन जिंकल्यावर २०१० मध्ये तिच्या पायाला काच लागली, ऑपरेशनं झाली आणि २०११ च्या सुरुवातीला गुठळी फुप्फुसात पोचली. ती वाचली. २०१७ मध्ये मुलगी झाली, दुसऱ्याच दिवशी तिला दम लागला. आधीचा अनुभव असल्याने तिने स्वतःच डॉक्टरांना स्कॅन करायला लावला आणि गुठळ्या सापडल्या. जगातली सगळ्यात फिट बाई, आणि तिलाही ‘मला हेच होतंय’ हे ठासून सांगावं लागलं.

पायाच्या सुजेसोबत अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यात रक्त दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि आता त्या ‘नस बसवून देणाऱ्यां’बद्दल. गावोगावी ते आहेत, शहरातही आहेत, त्यांचे व्हिडिओ लाखोंनी बघितले जातात. ताणलेल्या स्नायूला त्यांच्या चोळण्याने बरं वाटत असेल, मी वाद घालत नाही. पण एका बाजूची सुजलेली, गरम पोटरी चोळायला देणं हा जिवाशी खेळ आहे, दाबाने गुठळी सुटू शकते. तसंच थंडगार, बधिर पावलाला गरम पाण्याची पिशवी. रक्त कमी असलेल्या कातडीला चटका कळत नाही, फोड येतो आणि तो भरत नाही. आजी प्रेमाने शेकते, पण शेकू देऊ नका.

फिट लोकांचे पाय

पळणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्यांसाठी थोडंसं. वय पंचविशी, व्यसन नाही, आणि तरी दोन किलोमीटरनंतर एकच पोटरी दगड होते, थांबलं की सुटते. बहुतेक वेळा हे स्नायूच्या आवरणात दाब वाढल्याने होतं. पण कधी कधी गुडघ्यामागची धमनी जन्मतःच चुकीच्या वाटेने गेलेली असते आणि पोटरीचा स्नायू तिला दाबतो. हे पहिल्यांदा टिपलं ते १८७९ मध्ये एडिनबर्गच्या एका मेडिकलच्या विद्यार्थ्याने, कापलेल्या पायाचं विच्छेदन करताना. सायकलपटूंमध्ये ओटीपोटातली धमनी वाकून-वाकून आतून जाड होते. फ्रान्सची पोलिन फेराँ-प्रेव्हो याच कारणाने पायातली ताकद हरवून बसली होती. २०१९ मध्ये तिचं ऑपरेशन झालं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने माउंटन बाइकचं सोनं जिंकलं आणि पुढच्या वर्षी महिलांची टूर द फ्रान्स. तिने ‘ट्रेनिंग कमी पडतंय’ म्हणून जोर वाढवत नेला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

मग करायचं काय?

शंका आली तर सुरुवात स्वतःच्या बोटांनी करा. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खोबणीतून घोट्याकडे सरकलं की मध्यावर एक ठोका हलका लागतो. दुसरा आतल्या घोट्याच्या हाडामागे. दोन्ही पायांची तुलना करा. काही ठणठणीत लोकांतही वरचा ठोका लागत नाही, त्यामुळे लागला नाही म्हणून घाबरू नका. पण एका पायात लागतो आणि दुखऱ्या पायात दोन्ही जागी नाही, पाऊल दुसऱ्यापेक्षा गार आहे, नडगीवरचे केस गेलेत, कातडी चकचकीत झालीय, असं असेल तर डॉक्टर गाठा.

पहिली तपासणी साधी आहे. दंडाचं बीपी घेतात तसं घोट्याचं घ्यायचं आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दोन्ही साधारण सारखे, म्हणजे उत्तर १ च्या आसपास, तर छान. ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायाची धमनी अरुंद आहे असं धरतात. सुई नाही, रेडिएशन नाही, पंधरा-वीस मिनिटांचं काम. तरीही हे बीपी फार कमी ठिकाणी घेतलं जातं याचं मला नवल वाटतं. कमरेचा एमआरआय मात्र लगेच लिहून मिळतो. डायबिटिसमध्ये धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवू शकतो, तेव्हा अंगठ्याचा दाब बघतात. गुठळीची शंका असेल तर कलर डॉपलर, म्हणजे सोनोग्राफीच, पायाची.

पायाच्या धमन्यांत क्षार साचलेत याचा अर्थ हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असणार. बाबांच्या पोटरीकडे लक्ष देण्याचं खरं कारण हे आहे. वेळेत कळलं तर हार्ट अटॅकच्या आधीच औषधं सुरू होतात. उपचारही लगेच कापाकापीचे नसतात. तंबाखू बंद, साखर-बीपी ताब्यात, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, आठवड्यातून तीन-चार दिवस, काही महिने. शरीर आडवाटेच्या रक्तवाहिन्या रुंद करतं आणि चारशेचं अंतर वाढत जातं. फक्त पावलाला जखम असेल किंवा बसल्याजागी दुखत असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना न विचारता करायचा नाही.

त्यानेही भागलं नाही तर अँजिओप्लास्टी. आपल्याला ती हृदयाची वाटते, पण जगातली पहिली अँजिओप्लास्टी पायाची होती. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटर यांनी ती केली. रुग्ण होत्या ८२ वर्षांच्या एक आजी, बोटांना गँगरीन झालेलं, सर्जनांनी पाय कापायला सांगितलेलं, आणि आजींचं ठाम उत्तर ‘नाही’. डॉटर यांनी मांडीतली अरुंद धमनी आतून रुंद केली. आजी पुढे स्वतःच्या पायांवर चालत राहिल्या. हृदयाची पहिली अँजिओप्लास्टी व्हायला १९७७ साल उजाडलं.

पाय अचानक, काही मिनिटांत, पांढराफटक आणि गार पडला, असह्य दुखायला लागला, बोटं हलेनात, तर ती धमनीत अडकलेली गुठळी असू शकते. हातात साधारण सहा तास असतात. तेव्हा फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, आणि फोनवर आधी विचारून घ्यायचं की व्हॅस्क्युलर सर्जन आहेत का.

तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर नंबर प्रत्येक पाकिटावरच छापलेला असतो, १८००-११-२३५६, फुकट आहे. सिगरेट काढताना तो दिसतो, आपण वाचत नाही इतकंच.

डॉक्टरकडे जाताना गुडघ्यापर्यंत वर सरकेल अशी पँट घाला आणि मोजे काढून दोन्ही पाय दाखवा, फक्त दुखरा नाही. ‘पाय दुखतोय’ एवढंच सांगू नका. किती चालल्यावर दुखतो, नेमका कुठे, थांबल्यावर किती मिनिटांत जातो, रात्री पाय वर हवा असतो की खाली, दिवसाला किती बिड्या, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे सांगा. बिड्यांचा आकडा खरा सांगा.